कॅमेऱ्याचा नेम: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

देवळात जाऊन आल्यावर आपण ‘दर्शन घेतलं’ म्हणतो. नारळ, प्रसाद, प्रदक्षिणा सगळं मागाहून. आधी डोळे भरून पाहणं. पाहणं हीच प्रार्थना, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हातात फोन आला की नेमकं तेच सुटतं. रांगेत दोन तास उभं राहायचं आणि मूर्तीसमोरचे चार सेकंद स्क्रीनकडे बघण्यात घालवायचे, हे दृश्य आता कुठल्याही यात्रेत दिसतं.

त्याच फोनला पाहण्याच्या कामाला जुंपायचं कसं, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे. त्यासाठी नेम धरावा लागतो. मराठीत ‘नेम’ म्हणजे निशाणा, आणि ‘नेम’ म्हणजे रोज न चुकता करायची गोष्ट. इथे दोन्ही लागतात, पण दुसरा जास्त. हा दुसरा नेम सव्वा महिन्याचा.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. प्रार्थनेची फोटोग्राफी म्हणजे देवळांची फोटोग्राफी नव्हे. उलट सुरुवात देवळापासून करूच नये. तिथे गर्दी असते, नियम असतात आणि सुंदर काय हे आधीच ठरलेलं असतं. शेताचा बांध, नदीचा उतार, घराची मागची पडवी, या जागा बऱ्या. तुमची प्रार्थना मशिदीत होत असो, चर्चमध्ये, पाड्यावरच्या देवाच्या झाडाखाली, किंवा ‘देव’ हा शब्दच तुम्हाला जड जात असो, पायऱ्या त्याच राहतात.

१. काय लागेल

- फोन. पाच-सहा वर्षांपूर्वीचा असला तरी चालतो. कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिमीची एकच लेन्स. झूम घरी ठेवा.
- चष्मा पुसायचं मऊ कापड आणि हवा मारायचा रबरी फुगा. कपाशीचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ आधी फुंकून काढायची, मग पुसायचं. थेट पुसलं तर मातीतले बारीक कण काचेवर चरे पाडतात.
- छोटी वही आणि पेन्सिल. दवाने ओलसर झालेल्या कागदावर पेन अडतो, पेन्सिल चालते.
- साधं मनगटी घड्याळ. वेळ बघायला फोन उघडला की निरोप दिसतात आणि सकाळ तिथेच संपते.
- गोणपाटाचा तुकडा, बसायला आणि गुडघे टेकायला.
- टॉर्च. पहाटेच्या अंधारात बांधावर विंचू-साप असतात. पायात बूट हवेत, चप्पल नको.
- पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल.
- ओळखपत्र. वनविभागाच्या नाक्यावर विचारतात, आणि अनोळखी गावात पोलीस पाटलांनी हटकलं तर बोलणं सोपं होतं.
- अकरा चिंचोके. कशासाठी ते पाचव्या पायरीत.

ट्रायपॉड, ड्रोन, सेल्फी स्टिक, रिंग लाइट यांतलं काहीही लागत नाही. या वस्तू जमवण्यात पहिले तीन महिने जातात आणि पाहणं राहून जातं.

२. फोन एकदाच नीट लावून ठेवा

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेषा चालू करा. शटरचा आवाज, चेहरा गोरा-गुळगुळीत करणारं ब्युटी मोड आणि दृश्य ओळखून रंग भडक करणारी एआय सुविधा बंद करा. फ्लॅश कायमचा बंद. नेमाच्या वेळेत फोन फ्लाइट मोडवर.

मग एकच गोष्ट बोटांना शिकवा. स्क्रीनवर जिथे फोकस हवा तिथे बोट दोन सेकंद दाबून धरा. पिवळी चौकट किंवा कुलपाचं चिन्ह दिसलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथे बांधले गेले. आता बोट वर-खाली सरकवलं की चित्र उजळ किंवा गडद होतं. बहुतेक फोनमध्ये शेजारी छोट्या सूर्याचं चिन्ह येतं, ते सरकवायचं. डोळे मिटून जमेपर्यंत घरातल्या भांड्यांवर सराव करा.

हे का लागतं? फोनला अंधार आवडत नाही. तो सावल्या भरून काढतो, म्हणून पहाटे साडेसहाचं शेत फोटोत नऊ वाजल्यासारखं दिसतं. डोळ्यांना दिसली तेवढी सावली फोटोत उरायला हवी असेल, तर उजेड हाताने खाली ओढावाच लागतो.

३. जागा एकच निवडा

इथे बहुतेक जण चुकतात. आज तोरणमाळचा यशवंत तलाव, पुढच्या रविवारी पाटणादेवी, त्याच्या पुढच्या रविवारी लळिंगचा किल्ला. ही यात्रा झाली. यात्रा वाईट नाही, पण तिथे नवेपणाच डोळ्यांचं काम करून टाकतो. नेमाला अशी जागा हवी जी पहिल्या चार दिवसांत कंटाळवाणी वाटेल. त्यानंतर दिसायला लागतं.

जागेच्या कसोट्या साध्या: घरापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत, पूर्वेकडे मोकळी, आणि जिथे तुम्ही उभे राहिलात तर कुणी ‘कोण हो तुम्ही?’ विचारणार नाही. किंवा विचारलं तर उत्तर देता येईल. रावेर-यावलकडे केळीची बाग, धुळ्याकडे पांझरेच्या जुन्या बंधाऱ्यावरून फडाला (एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्याला) जाणारा पाट, अमळनेरला बोरीचं पात्र, चोपडा-शिरपूरकडे सातपुड्याकडे तोंड करून असलेलं कुठलंही शेत. शहरात असाल तर गच्ची. जळगावच्या गच्चीवरून ढग, कबुतरं आणि वाळत घातलेले पापड-बिबड्या दिसतात. एवढं सव्वा महिन्याला पुरून उरतं.

शेत दुसऱ्याचं असेल तर मालकाला आधी भेटा, फोनवर नव्हे, समोर. ‘रोज सकाळी पाऊण तास बांधावर बसेन, पिकात शिरणार नाही’ एवढं सांगितलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. सालदार किंवा पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारा) असेल तर त्यालाही सांगा. मालकाला माहीत आणि राखणदाराला नाही, यातूनच भांडणं होतात.

४. वेळ आणि ऋतू

आपण घड्याळाच्या रेषेपासून बरेच पश्चिमेला आहोत. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, जळगाव साधारण ७५.५ अंशांवर. म्हणून सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे चालतो. जूनच्या सुरुवातीला तो पावणेसहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. उगवण्याच्या पंचवीस मिनिटं आधी जागेवर पोहोचायचं. उगवताना पोहोचलात तर निम्मं चुकलं.

डिसेंबर-जानेवारी नवशिक्यासाठी सगळ्यांत दयाळू. तापीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे वारा नसलेल्या गार पहाटे पाण्यावरून वाफ उठते. ऊन वर चढलं किंवा झुळूक आली की गेली. ही वाफ आधी अंगाला कळते, मग डोळ्यांना. म्हणून लवकर जायचं.

एप्रिल-मे कठीण. पारा ४५ च्या आसपास जातो आणि बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आठनंतर उन्हात फोन धरला की स्क्रीन आपोआप मंद होते, मग कॅमेरा बंद पडतो. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवायचा शहाणपणा कुणी करू नये, आत दव धरतं. ओल्या रुमालातही गुंडाळू नका. सावलीत, कव्हर काढून, पालथा ठेवा.

याच मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे एक फुकटचा चमत्कार असतो: शून्य सावलीचा दिवस. सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. जळगाव-धुळ्याकडे हा क्षण साडेबाराच्या थोडा आधी येतो. दक्षिणेकडच्या गावांत एखादा दिवस आधी, नंदुरबारच्या उत्तरेला एखादा दिवस नंतर. गच्चीवर स्टीलचा पेला पालथा घाला आणि सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी बरोबर वरून एक फोटो घ्या. पेला सपाट जागेवर आहे ना, हे आधी ताटलीत पाणी घालून तपासा. गच्चीला उतार असतोच. जुलैच्या मध्यात हाच दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल तर तापीच्या पात्रात उतरायचंच नाही. मनुदेवीचा धबधबा असो की पाटणादेवीकडचे ओढे, वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उशिरा पोहोचतो. तुमच्या डोक्यावर आभाळ मोकळं असलं म्हणजे पाणी वाढणार नाही, असं नसतं.

५. चाळीस मिनिटं

हा या सगळ्याचा गाभा. क्रम बदलू नका.

*पहिली दोन मिनिटं.* जागेवर या, पायातलं काढून (विंचवाची भीती नसेल तिथे) जमिनीला हात लावा. जो काही नमस्कार तुमच्या घरात चालतो तो करा. फोन खिशात.

*पुढची पंधरा मिनिटं.* बसा. फोन खिशातच. आधी कान: काय काय ऐकू येतं ते मोजा. मोटर, टिटवी, लांबची रेल्वे, केळीच्या फाटक्या पानांचा फडफडाट. मग नाक. मग डोळे, आणि तेही लांबून जवळ: सातपुड्याची रेघ, मधली झाडं, समोरचं पीक, पायाजवळची माती. पाच-सात मिनिटांनी हात खिशाकडे जातो. जाऊ द्या, परत आणा. माळ जपताना मन पळतं तसंच हे. त्यात काही बिघडलेलं नसतं.

*एका गोष्टीवर थांबा.* काहीतरी एक खुणावतं. बऱ्याचदा ते सुंदर नसतं. गंजलेला व्हॉल्व्ह, कुंपणावर अडकलेला कापसाचा पुंजका. तिचं नाव मनात घ्या. पिकाचं, पाखराचं, अवजाराचं नाव ठाऊक नसेल तर वहीत ‘?’ टाका आणि परतताना शेतकऱ्याला विचारा. नाव कळलं की दुसऱ्या दिवशी ती वस्तू आपोआप दिसते.

*आता वीस मिनिटं फोन.* डाव्या खिशात अकरा चिंचोके. एक फोटो, एक चिंचोका उजव्या खिशात. अकरा संपले की फोन बंद, समोर मोर नाचत असला तरी. मर्यादा नसेल तर माणूस चाळीस फोटो काढतो आणि एकही पाहत नाही. अकराच असतील तर बटण दाबायच्या आधी अर्धं पाऊल डावीकडे सरकावं का, हा विचार होतो. तो विचारच हवा आहे.

मध्ये गॅलरी उघडायची नाही. काढलेला फोटो बघताना समोरचा उजेड बदलून गेलेला असतो.

*शेवटची तीन मिनिटं.* वहीत तारीख आणि एक ओळ. ‘छान वाटलं’ लिहू नका, त्यात काहीच नाही. ‘तिसऱ्या ओळीतल्या केळीचं नवं पान अजून सुरळीत, टोकाला मुंगळा’ हे लिहा.

काही दिवस अकराच्या अकरा चिंचोके डाव्या खिशातच राहतील. तो दिवस धरायचा, नेम मोडला असं समजायचं नाही. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचं देऊळ आहे त्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पाठवलेलं पत्र कोरंच होतं, आणि त्यालाही उत्तर आलं. वहीत ‘कोरा’ एवढाच शब्द लिहा आणि घरी या.

६. काळी माती, पांढरा कापूस

उजेडाचा अख्खा धडा आपल्याकडे एका शेतात मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेचणीच्या वेळी कपाशीच्या शेतात जा. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. समोर काहीही असलं तरी ते मध्यम राखाडी असावं अशी त्याची समजूत. फुटलेल्या बोंडांनी चौकट भरली की तो म्हणतो उजेड फार झाला, आणि कापूस मळका करतो. काळ्या मातीने भरली की म्हणतो अंधार आहे, आणि माती राखेसारखी फिकी करतो.

उपाय उलटा वाटतो, पण तोच बरोबर. पांढऱ्यासाठी उजेड वाढवायचा, काळ्यासाठी कमी करायचा. कॅमेऱ्यावर भरपाईचं बटण असतं: कापसाला +०.७ ते +१, मातीला −०.७ ते −१. फोनवर तोच छोटा सूर्य वर किंवा खाली. तापीवरची वाफ कापसासारखी समजा, म्हणजे अधिक. दोन्ही एकाच चौकटीत असतील तर कापसावर बोट दाबून उजेड बांधा आणि बोंडातल्या तंतूंच्या रेषा दिसेपर्यंत खाली आणा. पांढरं एकदा जळून सपाट झालं की नंतर परत मिळत नाही, काळ्यातून थोडंफार काढता येतं.

त्याच शेतात थोडं आधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, फुलं पाहा. एकाच झाडावर काही फुलं पिवळसर पांढरी आणि काही गुलाबी दिसतात. नवख्याला वाटतं दोन जाती मिसळल्या. फूल पहिल्या दिवशी पांढरट उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग वाळून गळतं आणि मागे बोंड धरतं. एका फुलाला दोऱ्याची खूण बांधा आणि लागोपाठ तीन सकाळी त्याच कोनातून एकेक फोटो घ्या. शेतकऱ्याला सांगून बांधा, नाहीतर दोरा काढून टाकला जाईल.

७. अगदी जवळून: थेंब आणि केळफूल

दादर (रब्बी ज्वारी) किंवा गव्हाला पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी पहाटे पात्याच्या टोकावर एकच मोठा थेंब उभा असतो. हे दव नव्हे. दव सगळ्या पात्यावर बारीक शिंपडल्यासारखं पडतं. हा थेंब रोपाने रात्रभर मुळांतून वर ओढून टोकातून बाहेर ठेवलेला असतो. पालथं झोपून त्यात पाहिलं की आत अख्खं शेत उलटं दिसतं, वर माती, खाली आभाळ.

त्याचा फोटो घेताना दोन चुका होतात. पहिली, फोन फार जवळ नेणं. साध्या लेन्सला १०-१५ सेंमीच्या आत फोकस होत नाही. मागे सरा आणि २x वर घ्या, किंवा मॅक्रो असेल तर ३-४ सेंमीवरून. दुसरी, फोकस थेंबाच्या कडेवर बांधणं. आतलं उलटं शेत थेंबावर नसतं, ते थेंबापेक्षा केसभर तुमच्या बाजूला तयार होतं. कडेवर फोकस बांधला की शेत धूसर येतं. म्हणून फोकस बांधून फोन पुढे-मागे अगदी हळू हलवा आणि आतली झाडांची रेघ धारदार झाली की दाबा. श्वास सोडताना दाबायचं, घेताना नाही. कॅमेरा असेल तर छिद्र एफ ८ आणि शटरचा वेग किमान १/२५० सेकंद. पातं हललं नाही असं वाटतं, पण हलतंच.

केळफुलाला सव्वा महिना हवा आणि तो मिळत नाही, हीच त्याची गंमत. एक वाईनसारखं गडद लाल पातं उचलतं, मागे वळतं, आणि खाली फुलांची एक रांग उघडी पडते. तीच पुढे फणी. दिवसा-दोन दिवसांनी पुढचं पातं. वरच्या रांगांची केळी होतात. खालच्या फुलांची होत नाहीत, ती गळतात. शेवटची फणी उघडली की शेतकरी केळफूल कापून टाकतो, म्हणजे जोर घडाला मिळतो. त्यामुळे कापायचा दिवस आधीच विचारून ठेवा. सकाळी सूर्य पात्याच्या मागे येईल असे उभे राहा. समोरून काळपट दिसणारं पातं मागून उजेड आला की कंदिलासारखं पेटतं. उजेड खाली ओढा, नाहीतर तो लाल रंग फोनमध्ये भगवा होतो.

केळीच्या बागेत जुने कपडे घाला. चिकाचा डाग तपकिरी-काळा पडतो आणि कुठल्याच साबणाने जात नाही. काचेवर चीक पडला तर कोरडं घासू नका. ओल्या कापडाने लगेच टिपा.

पाऊस असेल, बाहेर पडता आलं नाही, तर घरातलं निरांजन आहे. दिवे बंद करा, ज्योतीवर बोट दाबून उजेड बांधा आणि इतका खाली ओढा की वातीजवळचा निळा भाग दिसायला लागेल. पंखा बंद, श्वास बाजूला.

८. माणसं

पहिले पंधरा दिवस माणसांचे फोटो काढूच नका. डोळे तयार नसतात आणि विचारायची भीड असते, म्हणून लांबून चोरून काढले जातात. चोरून काढलेला फोटो चोरीसारखाच दिसतो.

नंतर विचारून. धुळे-अमळनेर-साक्रीकडे ‘माय, तुमना फोटू काढू का?’ म्हटलं की चेहरा खुलतो. पण अहिराणी तोंडात नसेल तर साधं मराठी बोला. उसनी अहिराणी दुसऱ्या शब्दाला पकडली जाते, आणि रावेर-यावलकडे तर बोलीच वेगळी. ‘नको’ म्हणाले की फोन खाली करून दोन शब्द बोलून पुढे जा. ‘एकच काढतो’ असं म्हणायचं नाही.

मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. शेतात वेचणी करणाऱ्या बायकांचे फोटो मजुरीच्या वेळेत काढले तर त्यांचं काम अडतं. जेवणाच्या सुट्टीत भेटा.

श्रावणात कानबाई (खान्देशातली घरोघर पूजली जाणारी देवी) बसते तेव्हा घरात जाण्याआधी घरातल्या ज्येष्ठ बाईंना विचारा. रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, बऱ्याच घरांत भाऊबंदकीपुरता असतो. बाहेरच्याने काय पाहावं आणि काय नाही हे त्यांनीच सांगायचं. विसर्जनाची मिरवणूक रस्त्यावर असते, तिथे मोकळीक. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके घेणाऱ्या लेकी-सुनांचे फोटो गावाबाहेरच्या फोनमध्ये जावेत असं त्यांना वाटत नसेल, तर त्यांचं बरोबर आहे. त्या उतरल्यावर हलत राहिलेल्या रिकाम्या दोराचा फोटो काढा.

धडगाव-अक्कलकुव्याकडे होळीला जाणार असाल तर ओळखीच्या स्थानिक माणसासोबतच जा. मोरपिसं, घुंगरू, अंगावरचे रंग पाहून कॅमेरेवाल्यांचा घोळका जमतो. पण त्यातल्या अनेकांनी मागून घेतलेलं व्रत असतं आणि ते पाळताना फोटोसाठी थांबवलेलं त्यांना आवडत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही आणि फ्लॅश मुळीच नाही.

९. देऊळ, घाट, जंगल

देवळात गाभाऱ्याबाहेरच थांबा. पाटी नसली तरी पुजाऱ्यांना विचारा. जुन्या दगडी देवळात काढण्यासारखं बहुधा गाभाऱ्यात नसतंच. उंबऱ्यावर झिजून पडलेला खळगा, खांबावर सकाळी पडणारी उन्हाची पट्टी, घंटेच्या दोरीचं हात लागून काळं झालेलं टोक. पद्मालयाला तळ्यातली कमळं सकाळी.

प्रकाशा या तीर्थगावाच्या घाटावर तापीकाठी उत्तरकार्यं चालू असतात. तिथे कॅमेरा पिशवीत. पिंड घेऊन जाणाऱ्या कावळ्याचा फोटो कितीही चांगला आला तरी तो ज्यांचा बाप गेला त्यांचा असतो.

यावल अभयारण्य, गौताळा, अनेर धरणाचा परिसर: नाक्यावर नोंद आणि शुल्क असतं, वेळ ठरलेली असते. कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आहे का ते आधी विचारा. धरणाच्या भिंतीचे, दरवाज्यांचे आणि भुसावळच्या रेल्वे यार्डाचे फोटो परवानगीशिवाय काढू नका.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून रस्ता बघत जाऊ नका. इंजिनाच्या सततच्या थरथरीने लेन्स स्थिर धरणारी यंत्रणा बिघडते, मग फोकस भिरभिरत राहतो आणि दोष आपण आपल्या हाताला देतो.

१०. घरी आल्यावर

फोटो त्याच दिवशी पाहू नका. संध्याकाळी मोह होतो, पण सकाळची आठवण ताजी असते आणि माणूस फोटो न पाहता आठवणच पाहतो. रविवारी आठवड्याचे सगळे एकत्र काढा. जास्तीत जास्त सत्त्याहत्तर असतील. त्यातला एक निवडायचा. निवडताना ‘किती जण वाह म्हणतील’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि वहीतल्या ओळीशी ताडून पाहा: ज्या फोटोत त्या ओळीपेक्षा जास्त काही दिसतं, तो ठेवा. केळीच्या पानावर मुंगळ्याशेजारी एक अंडं होतं आणि तेव्हा दिसलंच नव्हतं, असं काही.

निवडलेला फोटो फोनबाहेर आणखी एका जागी साठवा. बाकीचे पुसले तरी चालतील. फिल्टर लावायचा नाही. उजेड, सरळ रेघ आणि काटछाट, एवढंच. सव्वा महिना पूर्ण होईपर्यंत व्हॉट्सॲप स्टेटसला काही टाकू नका. एकदा टाकलं की दुसऱ्या दिवशी बांधावर बसताना डोळे स्टेटसजोगं काहीतरी शोधायला लागतात. नवशिक्यांचा नेम बहुतेक इथेच मोडतो, थंडीने किंवा आळसाने नव्हे.

११. सव्वा महिना, आणि उद्यापन

खंड पडला तर पहिल्यापासून मोजू नका. ताप येतो, लग्नकार्य येतं, कांद्याची गाडी भरायची असते. राहिलेले दिवस पुढे जोडा.

नेम पूर्ण झाला की पाच-सहा आठवड्यांचे पाच-सहा फोटो हाताशी असतील. ते गावातल्या स्टुडिओत छापून घ्या, ४ × ६ इंच, मॅट कागदावर. इथे दोन गोष्टी सांगाव्याच लागतात, न सांगता होत नाहीत. एक: फोनचा फोटो ४:३ चा, कागद ३:२ चा; मशीन कागद भरायला आडव्या फोटोचा वरचा-खालचा भाग कापतं आणि नेमका डोंगर किंवा पाय जातो. ‘कापू नका, पांढरी कडा राहू द्या’ असं सांगा. दोन: रंग आपोआप सुधारायची सोय बंद ठेवायला सांगा, नाहीतर तुम्ही मेहनतीने राखलेली पहाट पुन्हा नऊची होऊन येते. आधी एकच प्रत काढून उजेडात पाहा, मग बाकीच्या.

मागे बॉलपेनने हलक्या हाताने तारीख आणि जागा लिहा. जेल पेनची शाई दुसऱ्या फोटोवर उमटते.

मग एकेक फोटो ज्याचा त्याला नेऊन द्या. कपाशीचा शेतमालकाला, पाटाचा पाटकऱ्याला, निरांजनाचा आजीला. द्यायला जाताना फोन घरी ठेवा.